काळ्या वाटाण्यांचं साल

त्या राज्याला दोन दारं होती. एक समुद्राकडे उघडायचं, त्याला बंदर म्हणत. दुसरं डोंगराकडे उघडायचं, त्याला खिंड म्हणत. मधल्या पट्टीत वाळू आणि मीठ यांखेरीज काही नव्हतं. बंदरात राहणाऱ्यांनी कधी बी पेरलं नव्हतं की झाड लावलं नव्हतं. समुद्रातून येईल ते खिंडीतून वर पाठवायचं, खिंडीतून उतरेल ते समुद्रात लोटायचं आणि या ये-जा करणाऱ्या मालातून जे सांडेल त्यावर पोट भरायचं, असा त्यांचा संसार होता. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. दाराने पेरणी करावी अशी अपेक्षा कोण करतं?

नावं ठेवायची त्यांची रीतही बंदराला शोभेशीच होती. पिल्लू जन्मलं त्या वेळी धक्क्याला जे गलबत लागलेलं असेल, त्यातल्या मालाचं नाव पिल्लाला मिळे. म्हणून बंदराचा कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या कासवाचं नाव होतं अक्रोड, दवंडी देणाऱ्या कुरव पक्ष्याचं हिंग आणि गावची डेग रांधणाऱ्या कोंबडीचं खसखस. धक्क्यावर वानगी घेणाऱ्या सांडणीचं नाव जायपत्री होतं आणि तिच्या एकुलत्या एका लेकीचं वेलची.

वानगी घेणं हा त्या बंदरातला सगळ्यात मानाचा हुद्दा. गलबत लागलं की आधी जायपत्री पुढे येई. लांब मान गलबतावर वाकवून ती दुभंगलेल्या ओठांनी मालातला एक घास उचले, डोळे मिटून चावे आणि मग मोठ्याने त्या मालाचं नाव घेई. तांदूळ. मसूर. सुंठ. तिने नाव घेतलं की तो माल सगळ्या राज्यात त्याच नावाने ओळखला जाई. ज्याला ती नाव देणार नाही, तो माल आल्या पावली परत. चाखून झालं की आणखी एक ओठभर घास ती धक्क्यावरच्या खजुराच्या पातीच्या करंडीत टाकी.

वर्ष सरून वारा फिरला आणि गलबतं निघून गेली की ती करंडी भल्यामोठ्या डेगीत रिकामी करत. धान्य डेगीच्या पोटात जाई. लाकडाच्या वानगीचा ढलपा चुलीत जाई. कापडाच्या वानगीचे धागे डेगीच्या झाकणाला बांधत. त्यातलं काही निवडून बाजूला काढायचं नाही, असा दंडक होता. वर्षाने जे आणलं ते सगळ्यांच्या पोटात गेलं पाहिजे. वरच्या मुलखातली मंडळीही त्या दिवशी खिंड उतरून येत. त्यांच्यात काही वितुष्ट असलं तरी त्या दिवसापुरतं खिंडीपलीकडे ठेवून येत आणि आपल्याकडे पिकलेलं काही ना काही डेगीत शेवटी घालत. खजूर, मध, तूप. याला परतीचा घास म्हणत. मग जायपत्री पहिला घास खाई. ती सावकाश चावे, गिळे, आणि म्हणे, "शिजलं." तो शब्द कानी पडल्याशिवाय पंगत बसत नसे.

इतकी वर्षं जायपत्रीने तो शब्द उच्चारला होता आणि एकदाही खोटा पडला नव्हता. चालताना तिची मान जरा ताठच असे. लोक म्हणत, "उंटच तो, मान वरच असायची." ते हसून म्हणत आणि ती हसून ऐकून घेई.

मग वरच्या मुलखात बिनसलं. डोंगरातले बोकड आणि वाडीतले मेंढे एकाच पाटाचं पाणी पीत. एका कोरड्या साली पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली. आधी शिंगांना शिंगं भिडली. त्यात कोणाचं शिंग मोडलं, कोणाचा गुडघा फुटला आणि भांडण थकून बसलं. पुन्हा उठलं तेव्हा गोफणी घेऊन उठलं. पण डोंगरातला दगड ठिसूळ. गोफणीतून सुटला की वाटेतच त्याचे तुकडे होत. दगडाची दया म्हणा की मुलखाचं नशीब म्हणा, दगडाने फार नुकसान होत नव्हतं.

नुकसान झालं ते बंदराचं. खिंडीतून खजूर उतरेना. भरून न्यायला काही नाही म्हटल्यावर गलबतंही यायची कमी झाली. धक्क्यावर माश्या मारत बसावं, तर माश्यासुद्धा खजुराबरोबर गेल्या होत्या. हमाली करणारे खेकडे वाळूत बिळं उकरून बसले. जायपत्री मात्र रोज सकाळी धक्क्यावर येऊन उभी राही. ज्याला नाव द्यायचं असा मालच नाही, तिथे नाव देणारीला काय किंमत? कोणी तसं बोललं नाही. पण एक दिवस तिच्यासाठी काढून ठेवलेली सावलीची जागा एका बोक्याने घेतली आणि तिला पाहूनही तो उठला नाही.

अशा दिवसांत एक परकं गलबत धक्क्याला लागलं. मालक एक पाणकावळा होता. पिसांवरून पाणी ओघळावं तसे शब्द त्याच्या चोचीतून ओघळत.

"काळे वाटाणे, बाई," तो म्हणाला. "तुमच्या वरच्या मंडळींना फार आवडतील असं ऐकून आलोय."

जायपत्रीने मान वाकवली. घास ओठांत घेताच तो तिला जड लागला. दाणे थंड होते. दाढेखाली फुटेनात. उलट दाढच हलल्यासारखी वाटली. जिभेवर आधी गोडसर चव आली आणि मग ती आठवण. लहानपणी धक्क्यावर वाळत घातलेली कोळ्यांची जाळी ती चघळायची. जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या मण्यांची चव हीच होती.

तिने डोळे उघडले. धक्क्यावर सगळं बंदर गोळा झालं होतं. खेकडे बिळांतून वर आले होते. तो बोका सावलीतून उठला होता.

"काय म्हणता, जायपत्रीबाई?" अक्रोडने विचारलं.

"चव ओळखीची आहे," ती हळूच म्हणाली. "पण ही तर जाळ्याला लावतात त्या..."

अक्रोडने मान अर्धी कवचात ओढून घेतली. अवघड बोलायचं असलं की तो असंच करी. "बाई, मी काही सुचवत नाही. नाव देणं तुमचं काम. एवढंच सांगतो, की नाव न मिळालेलं गलबत इथून दुसऱ्या बंदरात जाईल. हे दाणे तिथूनही वर जायचेच. फक्त आपल्या पोटात काही जाणार नाही."

जायपत्रीने पुन्हा डोळे मिटले.

"वाटाणे," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की हिंगाला तो शब्द पुन्हा ओरडून सांगावा लागला. मग धक्क्यावर जो गलका उठला, तो तिने फार दिवसांत ऐकला नव्हता. बोका मागे सरून म्हणाला, "या मावशी, सावलीत या."

त्याच दुपारी गोण्या तांड्यावर लादल्या गेल्या. तांड्यात सगळ्यात पुढे वेलची चालायची. गोणी पाठीवर पडली तशी तिचे गुडघे लवले.

"आई, वाटाणे इतके जड?"

"जुने आहेत. वाळलेत."

"वाळलं की हलकं होतं ना?"

"हे त्यातले नव्हेत," जायपत्री म्हणाली आणि लेकीच्या पाठीवरची दोरी आहे त्याहून घट्ट करू लागली. "चाल आता, ऊन चढतंय."

वेलची दोन पावलं गेली आणि थांबली. "तू चाखलेस ना?"

"चाखले."

"मग झालं," वेलची म्हणाली आणि खिंडीकडे निघाली.

ते दोन शब्द जायपत्रीच्या मनात जिथे जाऊन बसले, तिथून ते सालभर उठले नाहीत.

साल मात्र भरभराटीचं गेलं. काळ्या वाटाण्यांमागून चामड्याचे पट्टे आले. जायपत्रीने "पट्टे" म्हटलं, कशाचे ते म्हटलं नाही. मग पांढऱ्या कापडाची ठाणं येऊ लागली. ती इतकी येऊ लागली की धक्का लांबून मिठागरासारखा दिसे. ती "कापड" म्हणाली. वरच्या मुलखात एकाएकी सगळ्यांना पांढरा रंग का आवडू लागला, असं कोणी विचारलं नाही. अक्रोडचा कारभार चोख होता. एका दिवशी तांडा बोकडांकडे जाई, तर दुसऱ्या दिवशी मेंढ्यांकडे. "बंदराने कोणाची बाजू घेऊ नये," तो सांगे. "कोणावर अन्याय होता कामा नये." ज्यांची पोटं भरली होती ते माना डोलवत.

जायपत्री आता मालाला तोंड लावत नसे. ओठांनी उचलायचं, करंडीत टाकायचं आणि नाव घ्यायचं. एकदा पाणकावळा हसून म्हणाला, "बाई, न चाखताच?" तेव्हा तीही हसून म्हणाली, "रोजचेच व्यापारी तुम्ही." म्हणून झाल्यावर आपल्या हसण्याचा आवाज तिला पाणकावळ्याच्या हसण्यासारखा वाटला.

एक गोष्ट तेवढी नीट होईना. त्या साली बंदरात पुष्कळ पिल्लं जन्मली. धक्क्याला जे गलबत असेल त्याचं नाव द्यायचं तर सगळ्यांची नावं वाटाणा, पट्टा नाहीतर कापड पडली असती. आया म्हणू लागल्या, "बघू, पुढचं गलबत येऊ दे." पुढचं गलबतही तेच घेऊन येई. गल्लीत बिननावाची पिल्लं खेळत आणि त्यांना हाक मारायची तर "ए" म्हणून मारावी लागे.

वेलची सुरुवातीला दर खेपेला खाली यायची. नंतर वरच राहू लागली. वाडीतून डोंगरात, डोंगरातून वाडीत माल पोचवायला तिथेच पाठी कमी पडत होत्या. जायपत्री परतणाऱ्या प्रत्येक तांड्याला विचारी, "माझी वेलची दिसली?"

"आहे वर," तांड्यातली गाढवं खाली बघत सांगत. "डेगीला येते म्हणालीय."

"बरी आहे ना?"

"येते म्हणालीय," ती पुन्हा तेच म्हणत. त्यांच्या पाठींवर आता खजुराचा एक दाणाही नसे. खिंडीच्या माथ्यावर धूर दिसे. बंदरातले लोक तो पाहून म्हणत, "यंदा वर थंडी जास्त दिसते." जायपत्रीही म्हणे, "दिसते खरी."

वारा फिरला. गलबतं गेली. डेगीचा दिवस आला.

खसखसने पहाटेच चूल पेटवली होती. सकाळ वर आली तशी ती पंख झटकत जायपत्रीकडे आली. पोटात काही राहत नाही अशी तिची ख्याती होती, पण आज ती कुजबुजत होती.

"मावशी, वाटाणे शिजेनात."

"जाळ कमी असेल."

"जाळाने डेगीचं बूड लाल झालंय. तांदळाचा पार लगदा झाला, मसूर विरघळली. वाटाणे होते तसे. एखादा दाणा गणंग निघतो, ते मी समजू शकते. पण सगळेच्या सगळे गणंग? ढवळायला गेलं की तळाशी गारगोट्या वाजाव्या तसे वाजतात." ती आणखी जवळ आली. "काढून टाकू का? कोणी बघत नाहीये."

जायपत्रीला क्षणभर तेच हवं होतं. मग तिला दंडक आठवला आणि त्याहून जास्त आठवलं ते हे, की काढलेले दाणे ठेवायचे कुठे. समुद्रात टाकले तर ओहोटीला दिसतील. वाळूत पुरले तर खेकडे उकरतील.

"झाकण ठेव," ती म्हणाली. "वाफ कोंडू दे. वाफेने होतं."

खसखसने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं, कोंबड्या पाहतात तसं. "तुम्ही म्हणताय तर ठेवते," ती म्हणाली. झाकणावर पांढऱ्या धाग्यांचा एवढा गुंता बांधला होता की खालचं तांबं दिसत नव्हतं.

दुपार कलली तशी पानं मांडली गेली. रीतीप्रमाणे हिंग धक्क्यावर रोवलेल्या जुन्या डोलकाठीवर चढला आणि सालाचा व्यापार सांगू लागला. गलबतं गेल्या सालाहून जास्त लागली. कापड दुप्पट. पट्टे त्याहून जास्त. वाटाणे तर आजवरच्या कोणत्याही साली आले नव्हते इतके. प्रत्येक वाक्याला खाली आनंदाचा घोष होत होता. अक्रोडची मान कवचातून जितकी बाहेर येऊ शकते तितकी बाहेर आली होती. "आता वर काय गेलं ते सांगितलं," हिंग म्हणाला, "वरून काय आलं ते सांगतो. वरून..." आणि तो खिंडीकडे बघत थांबला.

खिंडीतून मंडळी उतरत होती. दरवर्षी त्यांची रांग माथ्यापासून वाळूपर्यंत लांब असे. या वर्षी रांगेचं शेवटचं टोक आधीच दिसत होतं. पुढे बोकडांचा म्होरक्या होता आणि त्याच्या शेजारी, मध्ये एका अंगाची जागा सोडून, मेंढ्यांचा. एकाला एक शिंग नव्हतं, दुसऱ्याला एक डोळा. दोघांच्या पाठीवर एकेक थैली होती. सगळ्यांच्या मागे, तीन पायांवर चालत, चौथ्यावर अजिबात भार न देता, वेलची येत होती.

जायपत्रीचे पाय तिच्याकडे धावले नाहीत. असं का झालं ते तिला कळलं नाही, किंवा कळलं.

"या, या," अक्रोड म्हणाला. "परतीचा घास आणलात ना? खजूर आहेत?"

"झाडं उभी नाहीत," बोकड म्हणाला.

"मग मध तरी?"

"फुलं झाडांना येतात," मेंढा म्हणाला. पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी थैल्या सोडल्या आणि डेगीवर पालथ्या केल्या.

आवाज ओळखीचा होता. सालभर धक्क्यावर गोण्या ओतताना सगळ्यांनी तो ऐकला होता. काळे दाणे डेगीच्या काठावर आपटत आत गेले. काहींना माती लागली होती, काहींना झाडाची साल, काहींना आणखी काही.

"यंदा आमच्याकडे एवढंच पिकलं," मेंढा म्हणाला. "भिंतींतून वेचले. बुंध्यांतून काढले."

"बाकीचे घरच्यांतून," बोकड म्हणाला.

डोलकाठीवर हिंगाची चोच उघडीच राहिली. वरून आलेल्या मालाचं नाव सांगायचं होतं. बंदरात नाव द्यायचा अधिकार एकीलाच होता आणि ती डेगीत बघत होती.

वेलची पुढे आली. तिच्या खांद्यावर पांढरी पट्टी होती. कापड धक्क्यावरचंच होतं, जायपत्रीने त्याचा धागा ओळखला. वेलचीच्या ओठांत एक दाणा होता. तिने तो डेगीत टाकला नाही. आईपुढे ठेवलेल्या पळीत टाकला.

"हा माझा," ती म्हणाली. "जाताना पाठीवर होता. येताना खांद्यात."

"दुखतं?" जायपत्रीने विचारलं.

"आता कमी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जायपत्रीला उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता. "आई, बसू ना आम्ही? लांबून चालत आलोय. तू चाखलंस की बसतो."

ती टोमणा मारत नव्हती. रीतच तशी होती. वेलची लहानपणापासून अशीच आईच्या तोंडाकडे बघत पंगतीत उभी राहत आली होती.

खसखसने पळी डेगीत बुडवली आणि भरून वर काढली. तांदळाच्या लगद्यात तो एक दाणा कुठला आणि बाकीचे कुठले, ते आता सांगता येत नव्हतं. जायपत्रीने मान वाकवली. एवढी खाली वाकलेली तिची मान बंदराने कधी पाहिली नव्हती. तिने पळीतलं सगळं तोंडात घेतलं. या खेपेला डोळे मिटले नाहीत.

ती चावू लागली. लगदा गिळला गेला. वाटाणे राहिले. डेगीतला घास थुंकायचा नसतो आणि न शिजलेला गिळता येत नाही. तिने ते या दाढेवरून त्या दाढेवर घेतले, त्या दाढेवरून या दाढेवर. उंटाची जात, पोटात गेलेलंही पुन्हा वर आणून चघळते. हे तर अजून तोंडातच होतं.

पानं मांडलेली होती. बोकड उभे होते, मेंढे उभे होते, खेकडे आणि बोका आणि बिननावाची पिल्लं उभी होती. अक्रोडचं कवच पानाशी नुसतंच पडलेलं दिसत होतं, मान आत होती. सगळे जायपत्रीच्या तोंडाकडे बघत त्या एका शब्दाची वाट पाहत होते. सावल्या लांबत वाळूवरून पाण्यापर्यंत गेल्या. तिचा जबडा थांबत नव्हता आणि दाढांखालून बारीक, कोरडा आवाज येत होता. बघता बघता आधी वेलचीचा, मग तिच्या शेजारच्या बोकडाचा, मग पंगतीत टोकापर्यंत प्रत्येकाचा जबडा तिच्याबरोबर हलू लागला. कोणाच्याही तोंडात काही नव्हतं. तरीही आवाज सगळ्यांच्या दाढांखालून येत होता.